लांबच्या शेतावर

चवळी रात्रभर भिजली होती. असाबीने टोपली पुढ्यात ओढली, मूठभर दाणे दोन तळव्यांत धरले आणि चोळायला घेतले. सालं सुटून पाण्यावर आली की ती ओतून द्यायची, नवं पाणी घालायचं, पुन्हा चोळायचं. एगुंगुनच्या सणाला पूर्वज घरी येतात. त्यांच्यासाठी चवळी वाटून, पानात बांधून ओलेले उकडायचे, आणि त्यात एकही साल गेलेलं चालत नाही. लग्न होऊन आली त्या वर्षी तिचे हात भरून आले होते. तेव्हा सासू म्हणाली होती, होईल सवय. सवय झाली. हात भरून येणं मात्र थांबलं नाही.

“मोठीबाई, द्या मले ते. तुमचे हात पाहा कसे होऊन राहिले,” आयोका म्हणाली.

आयोका ही धाकट्या दिराची बायको, दूर इजेशाकडून आलेली. तिची मुलगी शाळेत जाऊ लागली तरी घरात सगळे तिला नवरीच म्हणत, कारण तिच्यानंतर या घरात दुसरी सून आली नव्हती. माहेरची बोलीही तिच्या जिभेवरून उतरली नव्हती. ती बोलू लागली की घरातल्या पोरी तोंडावर हात धरून हसायच्या.

“हात राहू दे. तू बिरुदं म्हण. काल कुठे अडकली होतीस?”

“हत्तीपाशी. म्हणून म्हणून कोंबड्याले पाठ झाली, मलेच नाही होत.”

पूर्वज अंगणात आले की घराण्याची बिरुदं गायची, हे काम सुनांचं. कोण कुठे लढला, कोणी हत्ती मारला, कोण जेवायला बसला की उठायचा नाही, सगळं सुरात सांगायचं. ते ऐकल्याशिवाय पूर्वज नाचत नाहीत. इतकी वर्षं असाबीने ती गायली. आता थोडं गाऊन झालं की तिचा गळा बसायचा, म्हणून आयोकाला तयार करणं चाललं होतं. पण जुन्या ओयोचे ते शब्द आयोकाच्या तोंडी गेले की इजेशाचे होऊन बाहेर पडायचे, सावकाश आणि लांबलेले.

अंगणाच्या त्या टोकाला अबेके वन्सं चटईवर पाय पसरून मिरच्या निवडत बसल्या होत्या. असाबीच्या नवऱ्याची ही थोरली बहीण. दात गेले होते, पण जिभेची धार काही गेली नव्हती. “नवरी,” त्या तिथूनच ओरडल्या, “आमचे आजोबा ओयोचे गं! तू असं गायलीस तर वाट चुकून तुझ्या माहेरी जाऊन बसतील.”

“बसू द्या ना, वन्सं. तिकडं कोनफळं लय मोठी होतात.”

सगळ्या हसल्या. असाबीही हसली, आणि हसता हसता तिचं लक्ष परसाच्या दाराकडे गेलं. ओजेवूमी, तिचा नवरा, आत येत होता. कोणी बघत नाही असं समजून त्याने भिंतीला हात लावला, एक पाऊल टाकलं, थांबला, श्वास घेतला, दुसरं टाकलं. बाकापर्यंत यायला त्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात तिची एक टोपली चोळून झाली.

“लादेची आई,” बसल्यावर तो म्हणाला, “उद्या मी लांबच्या शेतावर जाणार. लक्षात आहे ना?”

“आहे,” ती म्हणाली.

तिचे हात पाण्यातच थांबले.

दर वर्षी सणाच्या मुख्य दिवशी ओजेवूमी लांबच्या शेतावर जायचा. पहाटे कोयता खांद्याला लावून निघायचा आणि दिवस मावळताना परतायचा. आणि दर वर्षी त्याच दिवशी, ऊन कलू लागलं की, गावाबाहेरच्या राईतून लाबालाबा यायचा. लाबालाबा म्हणजे फुलपाखरू. ओजे घराण्याचा एगुंगुन हा, कापड पांघरून येणारा पूर्वज. डोक्यापासून जमिनीपर्यंत कापडाचे पल्लेच पल्ले, चेहऱ्यावर विणलेली जाळी, हातापायाचं नखही दिसायचं नाही. तो गिरकी घ्यायचा तेव्हा ते सगळे पल्ले उचलले जायचे आणि अंगणभर रंग पसरायचा.

आत कोण, हे बायकांनी विचारायचं नसतं. कळलं तरी ते कळलेलं नसतं. घरातल्या कुठल्याही बाईने हे कधी ओठांवर आणलं नव्हतं, नवऱ्याजवळसुद्धा नाही. आणलं तर घराण्याचा एगुंगुन त्या दिवसापासून बंद पडतो.

यात काही ढोंग आहे असं असाबीला वाटत नसे. सकाळी तोंडात काही घालण्याआधी ती मागच्या भिंतीशी जायची. तिथे सासऱ्यांना पुरलं होतं. तुंब्यातलं गार पाणी त्या जागी ओतायची, सासऱ्यांचं, त्यांच्या वडिलांचं, त्यांच्याही वडिलांचं नाव घ्यायची आणि मगच चूल पेटवायची. आजारपणातही हा नेम तिने मोडला नव्हता. तिच्या लेखी कापड अंगावर पडलं की आतला माणूस उरत नाही, येतात ते तेच, ज्यांना ती रोज पाणी घालते. पण माणूस उरत नसला तरी त्याचे गुडघे उरतात, हे तिला गेल्या वर्षी कळलं होतं.

गेल्या वर्षी शेवटच्या गिरकीला लाबालाबा कलंडला. त्याच्यापुढे छडी घेऊन चालणाऱ्या अकांगबेने, म्हणजे आयोकाच्या नवऱ्याने, झटकन खांदा लावला. लोकांना तो नाचाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या. असाबी जवळ होती. जाळीतून येणारा श्वास तिने ऐकला. फाटक्या भात्यासारखा. संध्याकाळी ओजेवूमी शेतावरून परतला तेव्हा ओठ काळेनिळे होते. “चिखल फार होता शेतात,” तो म्हणाला. पुढे कितीतरी दिवस त्याला आडवं होऊन झोपता येत नव्हतं. भिंतीला टेकून बसूनच रात्र काढायचा. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी छातीला नळी लावून बघितली आणि बजावलं, बाबा, जड काही उचलायचं नाही, नाहीतर एक दिवस उचलता उचलताच जाल.

“मी कुठे काय उचलतो?” तो म्हणाला होता.

आता उद्या तो पुन्हा निघणार होता.

*

नवं कापड आणायला असाबी आणि आयोका बाजारात गेल्या. दर वर्षी घरातल्या सुना लाबालाबाला एक नवा पल्ला शिवून देतात. जुना काढत नाहीत. त्यामुळे वर्षं जातील तसा एगुंगुन भरत जातो.

“मोठीबाई, हे पाहा.” आयोकाने दुकानातली हिरवीगार मखमल हातावर घेतली. काठाला आरसे आणि कवड्या लावलेल्या. “कसं चमकून राहिलं!”

असाबीने ती हातात घेऊन तोलली. लादे झाला तेव्हा तिने असाच जांभळा मखमलीचा पल्ला आणला होता, दुहेरी अस्तराचा. मुलीच्या लग्नाला जरीचा. लादेला लागोसमध्ये नोकरी लागली तेव्हा आरशांचा, तो शिवताना सुई मोडली होती. किती हौसेने आणले होते. तेव्हा प्रत्येक पल्ला पूर्वजांच्या अंगावर चढतो आहे एवढंच तिला ठाऊक होतं. तो कुणाच्या तरी मानेवर आणि कमरेवरही चढतो, याचा हिशोब तिने कधी केला नाही.

“ते निळं दाखवा,” ती दुकानदाराला म्हणाली. निळीत रंगवलेलं साधं सुती कापड होतं ते, धुऊन धुऊन मऊ झाल्यासारखं पातळ.

“हे?” दुकानदार म्हणाला. “आई, याची तर उशीची खोळ करतात.”

“तेच द्या.”

घरी अबेके वन्संनी ते बोटांत धरून उजेडासमोर पाहिलं. “यातून पलीकडचं अंगण दिसतंय. असाबी, एवढी कंजूष कधीपासून झालीस गं? आमच्या वाडवडिलांना थंडी वाजेल.”

“वाजणार नाही, वन्सं. त्यांच्या अंगावर पुष्कळ आहे.”

वन्संनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग कापड घडी करून परत दिलं.

दुपारी अकांगबे छड्या तेल लावून वाळत घालत होता. ओजेवूमीपेक्षा बराच धाकटा, खांद्याने रुंद, पोटाने त्याहून रुंद. असाबी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

“भाऊजी, तुमच्या दादांना लांबचं शेत आता झेपत नाही.”

अकांगबेने मान वर केली नाही. “हो, वहिनी.”

“तुम्ही बघा ना ते शेत.”

“मी कधीपासून तयार आहे.” तो छडीवरून फडकं फिरवत राहिला. “पण मी धाकटा. थोरल्याकडून काढून कसं घेणार? आणि तुम्हाला माहीत आहे, बाबा जाताना दादाला काय सांगून गेले. त्या शेताने तुला सोडलं तर सोड, तू आपणहून सोडू नकोस. दादाने तसा शब्द दिलाय. आता शेत बोलत नाही, आणि दादा सोडत नाही.”

“आणि वाटेत पडले तर?”

अकांगबेचा हात थांबला. “मी पुढेच असतो ना वहिनी,” तो हळूच म्हणाला. “मी तरी दुसरं काय करू?”

संध्याकाळी तिने नवऱ्याच्या पायांना शिआच्या बियांचं लोणी चोळलं. गुडघे कोमट आणि फुगलेले होते. पत्र्यावर रिपरिप चालली होती. तिने मनाशी शब्द जुळवले, मोडले, परत जुळवले.

“अहो.”

“हं.”

“या वर्षी तुम्ही…”

“मी काय?”

त्याचा पाय तिच्या हातात ताठ झाला. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती होती. आता ही काही बोलून बसेल आणि एवढ्या वर्षांचं सगळं एका वाक्यात संपेल, अशी.

“या वर्षी तुम्ही शेतावर जाताना पांघरूण घेऊन जा,” ती म्हणाली. “गारठा आहे.”

त्याचा पाय सैल पडला. “बरं,” तो म्हणाला.

नंतर आयोकाने चुलीपाशी तिला विचारलं, “मोठीबाई, नाच झाल्यावर बाया गुडघे टेकून मागणं मागतात ना? मी मुलगा मागीन म्हणते. तुमी काय मागता?”

“मी मागत नाही. लादेच्या वेळी मागितलं होतं, त्यानंतर नाही.”

“काहून?”

“सगळ्यांसमोर बोलावं लागतं गं. मला जमत नाही. आणि पूर्वज एकदा बोलले की ते परत फिरत नाही, त्यांनासुद्धा फिरवता येत नाही. म्हणून जपून मागावं.” चुलीतलं लाकूड तिने आत सारलं आणि मग तिथेच, हात लाकडावर ठेवून, बराच वेळ बसून राहिली.

*

सणाच्या दिवशी तो अंधारातच निघाला. पांघरूण नेलं नाही. तिने मागच्या भिंतीशी पाणी ओतलं, नावं घेतली, आणि रोजच्यासारखी लगेच उठली नाही.

सकाळी राईत जेवण पाठवायचं असतं. बायका राईत जात नाहीत, टोपल्या अकांगबे नेतो. ओलेले, तळलेले चवळीचे वडे, मक्याच्या थिजवलेल्या पेजेच्या वड्या, कोलाच्या बिया, तांबडं पामतेल. ओलेलेच्या पुड्यांपैकी काही असाबी निराळ्या बांधायची, दोराला दोन गाठी मारून. त्यांत मिरची नसायची. कितीतरी वर्षांपूर्वी ओजेवूमीचं पोट बिघडलं तेव्हापासून ती तसं करत आली होती. कोणासाठी, हे तिने सांगितलं नव्हतं आणि अकांगबेने विचारलं नव्हतं. रिकाम्या टोपल्या परत यायच्या तेव्हा दोन गाठींची सगळी पानं चाटूनपुसून साफ केलेली असायची. ती त्या पानांकडे बघायची आणि तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं.

या वर्षी टोपली आली. तिने वरची पानं बाजूला केली. दोन गाठींच्या पुड्या जशा गेल्या तशाच परत आल्या होत्या. एकही सुटली नव्हती.

ती खाली बसली.

“काय झालं?” आयोकाने विचारलं.

“काही नाही. खाल्लं नाही कोणी.” तिने एक पुडी हातात घेतली. ती गार पडली होती. जेवणावर मन नाही इतका तो थकला असेल, किंवा घास गिळायलाही श्वास पुरत नसेल. आणि अजून राईतून गावापर्यंतची वाट, प्रत्येक घराण्याच्या अंगणात थांबणं, आणि मग आपलं अंगण, आणि मग गिरकी.

ऊन कलू लागलं आणि बाता ढोल वाजू लागले. अंगण माणसांनी भरलं, भिंतीवर माणसं, आंब्यावर माणसं. आधी छड्या वाजवत अकांगबे आला, मागे लाबालाबा. सगळे पल्ले लोंबत होते, जांभळा, जरीचा, आरशांचा, आणि सगळ्यांत वर, कोणीतरी घाईने टाचलेलं, पातळ निळं सुती. तो अंगणात मधोमध येऊन थांबला. पल्ले हलत होते. वारा नव्हता.

असाबीने सूर लावला. ओजेची बाळं, कापडाखाली जन्मलेली, हत्तीच्या वाटेत उभी राहणारी. पहिलं बिरुद झालं, दुसरं अर्ध्यावर आलं आणि तिचा गळा बंद झाला. नुसती हवा बाहेर आली. लाबालाबाचे पाय थांबले.

“म्हण,” असाबीने आयोकाच्या पाठीत कोपर मारलं.

आयोकाने डोळे मिटले आणि म्हणू लागली. हत्ती आला तो इजेशाहून आला. आंब्यावरची माणसं फिदीफिदी हसली. पण तिचे शब्द लांबत होते, एकेक सावकाश सुटत होता, आणि तिला सांभाळून घेता घेता बातावाल्यांचे हातही सावकाश झाले. ढोल सावकाश झाला तसे लाबालाबाचे पाय सावकाश पडू लागले. एक पाऊल, विसावा. दुसरं पाऊल, विसावा. असा नाच या अंगणात कोणी पाहिला नव्हता. अबेके वन्संचं हसू हळूहळू मावळलं.

हत्ती मेला. आता मागणी, आणि मागण्यांनंतर शेवटची गिरकी.

एकेक बाई पुढे जाऊन गुडघे टेकू लागली. कोणी मूल मागितलं, कोणी लेकाची परीक्षा, कोणी बाजारातल्या गाळ्याचा खप. लाबालाबा त्याच्या घोगऱ्या, बेडकासारख्या आवाजात आशीर्वाद द्यायचा, अंगण एका आवाजात म्हणायचं, “आशे!”, तसंच होवो. प्रत्येक उत्तराआधीची शांतता आधीच्यापेक्षा लांब होत होती. आयोकाने मुलगा मागितला, तिला मुलाचा आशीर्वाद मिळाला. ती उठली, आणि तिच्या जागी असाबी जाऊन बसली.

कुजबुज झाली. असाबी मागत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“बोल, सूनबाई,” घोगरा आवाज म्हणाला. दर वर्षी तो तिला सूनबाई म्हणायचा आणि दर वर्षी ती हसू आवरायची.

“आजोबा,” ती म्हणाली. आवाज फुटत नव्हता, म्हणून अंगण आपोआप शांत झालं. “तुमच्या घरात एक थोरला मुलगा आहे.”

“आहे.”

“तो आज इथे नाही. लांबच्या शेतावर गेलाय.”

ढोलावरचे हात थांबले. अकांगबेने छडी घट्ट धरली. मागे कोणी बाई ‘अगंबाई’ म्हणाली आणि तिने तोंड दाबून घेतलं. आणखी एक शब्द इकडचा तिकडे झाला असता तर घराण्याचा एगुंगुन तिथेच संपला असता. असाबीला ते सगळं कळत होतं. तिचे हात मांडीवर पालथे होते, चवळीच्या पाण्याने सुरकुतलेले.

“जाऊ दे,” आवाज म्हणाला. “कामाचा माणूस आहे.”

“काम फार झालं, आजोबा. त्याचे गुडघे गेले. छातीत हवा टिकत नाही. रात्री आडवं होता येत नाही. मी त्याला सांगू शकत नाही, ते माझ्या हातात नाही. आणि तो म्हणतो, शेताने सोडल्याशिवाय शेत सोडायचं नाही, वडिलांना शब्द दिलाय. ते शेत तुमचं आहे. मी तुम्हाला रोज पाणी घालते, कधी काही मागितलं नाही. आज मागते. त्याला सोडा.”

जाळी हलत नव्हती. आतून श्वास येत होता, जात होता. असाबी वर पाहत होती आणि तिला खरंच ठाऊक नव्हतं की उत्तर कोण देणार आहे.

“शेत मग कोण बघणार?” आवाज आला. तो खालावला होता.

“धाकटा आहे. त्याची पाठ शाबूत आहे.”

“पाठ कुठली,” मागून अबेके वन्सं म्हणाल्या, “पोट म्हण, पोट!”

अंगण खदखदून हसलं. “अक्का, पूर्वजांसमोर तरी!” अकांगबे म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लाबालाबाचे पल्ले थरथरले. तो हसला की खोकला, ते कळलं नाही. हसू ओसरलं. तो उभाच राहिला. इतका वेळ की भिंतीवरची पोरं चुळबुळू लागली. मग तो हळूहळू वाकला, कापडात झाकलेला हात तिच्या डोक्यावर टेकला. हात जड होता. आशीर्वादाचा होता, पण आधाराचाही होता, आणि तिने मान ताठ केली, तो भार घेतला.

“सांग त्याला,” आवाज म्हणाला. “सांग, म्हातारा म्हणाला, पुरे. शेताने त्याला सोडलं. पुढच्या वर्षी त्याने अंगणात बसावं.” श्वास. “हट्टी आहे तो. नीट सांग.”

“आशे!” अबेके वन्सं सगळ्यांच्या आधी ओरडल्या, आणि मग सगळं अंगण.

शेवटची गिरकी राहिली होती. आयोकाने कोणी न सांगताच आपल्या बोलीत, आपल्या चालीने सुरुवात केली. लाबालाबा एकदाच फिरला, सावकाश. जड पल्ले जागेवरून जेमतेम हलले. फक्त ते पातळ निळं कापड पूर्ण उचललं गेलं आणि त्यातून पलीकडचं ऊन दिसलं. अकांगबे त्याच्या इतक्या जवळून चालत होता की दोघांची सावली एक होती. ते राईकडे निघून गेले.

*

दिवस मावळताना ओजेवूमी परतला. खांद्याला कोयता होता. पात्याला माती नव्हती. तो बाकावर बसला, काही वेळ नुसताच श्वास घेत. असाबीने दोन गाठींच्या पुड्या पुन्हा वाफवल्या होत्या. त्याने एक सोडली आणि खाल्ली, मग दुसरी सोडली. ती शिआच्या लोण्याचं भांडं घेऊन त्याच्या पायाशी बसली.

“शेत कसं होतं?”

“होतं तसंच.”

“आज आजोबांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय.”

“हो?” तो पुडीतच पाहत म्हणाला. “काय म्हणाले?”

“म्हणाले, पुरे. शेताने सोडलं. पुढच्या वर्षी अंगणात बसावं.”

तो घास चावत राहिला. चावून झाल्यावरही चावत राहिला.

“तू मागितलंस?”

“मी.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोरच मागतात.”

अंगणात आयोका कोणाला तरी सांगत होती की हत्ती पाहा कसा बरोबर आला, आणि वन्सं म्हणत होत्या की आला, पण पायी पायी आला. ओजेवूमी ऐकत होता.

“आणखी काय म्हणाले?”

“म्हणाले, हट्टी आहे.”

“असं म्हणाले? मला नाही वाटत असं म्हणाले असतील.”

“गावाने ऐकलं.”

त्याने पान घडी करून बाजूला ठेवलं. भिंतीला डोकं टेकलं. तिने एक गुडघा चोळला, दुसरा घेतला. तिच्या स्वतःच्या मनगटांत कळा येत होत्या. उद्या भांडी होती, चटया होत्या, पाहुण्यांना वाटेला लावणं होतं.

“मग पुढच्या वर्षी मी इथेच,” तो म्हणाला. “बघायला मिळेल. एवढी वर्षं मी आपला शेतावरच. लाबालाबा नाचताना मी कधी पाहिलाच नाही.”

असाबीचे हात थांबले. हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं.

“कसा दिसतो?” त्याने विचारलं.

“कसा म्हणजे…” तिने गुडघ्यावर हात तसाच ठेवला आणि डोळे मिटले. “आधी काही होत नाही. नुसते पाय फिरतात. मग खालच्या काठाला वारा लागल्यासारखा होतो. मग एकेक पल्ला सुटतो. पहिला सुटतो जांभळा मखमलीचा…”

“लादेच्या वेळचा.”

“हो. तो.”

“फार जड होता तो,” ओजेवूमी म्हणाला.

अंगणात कोणीतरी हंडा घासत होतं.

“काय म्हणालात?” असाबीने विचारलं.

“काही नाही. तू सांग.”

तिने बोटं पुन्हा लोण्यात बुडवली. “मग जरीचा,” ती म्हणाली.